पी यू टी पुट, बी यू टी बुट : यॉर्कशायरच्या वॉर्डातलं इंग्रजी

गोदाकाठची

परवा वॉर्डात फजिती झाली. ऐंशीच्या पुढचे एक आजोबा, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना उभं करून चार पावलं चालवायला गेले. (मी फिजिओथेरपिस्ट. नाशिक सोडून उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरला आले त्याला आता सहा वर्षं होतील.) मला बघून म्हणाले, "आयम स्टार्व्ड, लुव्ह." मी लगबगीनं चहा आणि दोन बिस्किटं घेऊन आले. आजोबा बिस्किटांकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा ठसका लागेपर्यंत हसले. शेवटी नर्सबाईंनी उलगडा केला. त्यांना भूक लागली नव्हती, थंडी वाजत होती. पांघरूण हवं होतं.

मला वाटलं, वयामुळे एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल. घरी येऊन कोश उघडला तर चूक माझीच निघाली. 'स्टार्व्ह'चा मूळ अर्थ नुसता 'मरणे'. जर्मनमधला त्याचा चुलतभाऊ 'श्टेर्बन' आजही तेवढंच सांगतो. आपण कसे भुकेनंही मरतो आणि थंडीनंही मरतो, तसंच हे. पुढे इंग्रजांनी मरण वाटून घेतलं. दक्षिणेकडे भूक गेली, उत्तरेकडे थंडी आली. शाळेत आपल्या वाट्याला आली ती दक्षिणेची वाटणी.

तर हा धागा त्या दोन बिस्किटांमुळे. (बिस्किटं मीच खाल्ली.)

शाळेत तुम्हीही हा प्रश्न विचारला असेल: पी यू टी पुट, मग बी यू टी बट का? मला उत्तर मिळालं होतं, "इंग्रजी अशीच असते, पाठ कर." खरं उत्तर इथे बसस्टॉपवर मिळालं. इथे बसला 'बुस' म्हणतात. कप 'कुप', लव्ह 'लुव्ह', मंडे 'मुंडे'. आणि बट? 'बुट'च, पुटसारखा! पूर्वी सगळ्या इंग्लंडात हे शब्द 'उ'नेच म्हणत. सतराव्या शतकात लंडनच्या बाजूला त्या एका 'उ'चे दोन झाले. बरेचसे शब्द 'अ'कडे सरकले, आणि प-ब-फ या ओठांच्या अक्षरांनंतरचे काही (पुट, पुल, पुश, बुल, फुल) जागीच राहिले. 'बट' मात्र ब असूनही सरकला, त्याला इलाज नाही. उत्तरेत ही फाटाफूट झालीच नाही. म्हणजे स्पेलिंग बघून 'बुट' वाचणारं आपलं पोर चुकत नव्हतं, फक्त दोनशे मैल उत्तरेला होतं.

इथल्या बोलीत रमायचं आणखी एक कारण म्हणजे व्हायकिंग, स्कँडिनेव्हियातून जहाजांनी आलेले लढवय्ये. ८६६ साली त्यांनी यॉर्क घेतलं, त्याचं नाव 'योर्विक' झालं. आज यॉर्कमध्ये फिरायला गेलात तर स्टोनगेट, कॉपरगेट, मिकलगेट अशी नावं दिसतील आणि तुम्ही दरवाजे शोधत बसाल. मी शोधले. 'गेट' म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत गल्ली, रस्ता. मग वेशीच्या दरवाजाला काय म्हणायचं? 'बार'. मिकलगेट बार म्हणजे दारूचं दुकान नव्हे, मिकलगेट रस्त्यावरची वेस. पहिल्या रविवारी नवऱ्याला "बारजवळ थांब" असं सांगितलं होतं, तो भलतीकडेच जाऊन थांबला. असो.

ओढ्याला 'बेक', मुलाला 'बेर्न', घर बदलण्याला 'फ्लिट', खेळण्याला 'लेक'. शेवटचा माझा लाडका. वॉर्डातला एक जण सांगत होता, लहानपणी मित्र दारात येऊन ओरडायचे, "आर्ट लेकिन?", म्हणजे खेळायला येतोस का? नॉर्समधला (व्हायकिंगांच्या भाषेतला) 'लेइका' तो हाच. डॅनिशमध्ये 'लेग गॉट' म्हणजे 'छान खेळ', त्यातून लेगो खेळण्याचं नाव आलं. म्हणजे माझ्या मुलीच्या खोक्यातला लेगो आणि त्या माणसाचा लेकिन एकाच गोत्रातले.

ही झाली बोलीतली चिल्लर. मोठा ऐवज प्रमाण इंग्रजीतच आहे. स्काय, एग, नाइफ, विंडो, स्किन, लेग हे सगळे व्हायकिंगांचे. शर्ट इंग्रजांचा आणि स्कर्ट व्हायकिंगांचा, दोन्ही मुळात एकच शब्द. आणि सगळ्यात अचाट म्हणजे दे, देम, देअर ही सर्वनामंसुद्धा उसनी! भाषा नामं घेते, क्रियापदं घेते, पण सर्वनाम सहसा कुणाकडून घेत नाही. मराठीनं उद्या 'ते, त्यांना, त्यांचं' सोडून तिन्ही रूपं कानडीतून आणली तर कसं वाटेल? इथे तसं झालं. शेजारीपाजारी राहिल्याशिवाय, लग्नं झाल्याशिवाय, एका घरात दोन भाषा बोलल्याशिवाय हे होत नाही. बोलताना 'गेट देम'ला 'गेट एम' म्हणतात तो त्याच 'देम'चा तुकडा.

मग लंडनचंच इंग्रजी 'खरं' कसं झालं? विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना टाकला. दरबार तिथे, कचेऱ्या तिथे, गिऱ्हाईक तिथे, म्हणून भाषाही तिथली. पण छापायची कुठली बोली, याचा त्याला घाम फुटला होता. १४९० च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं एक किस्सा लिहून ठेवलाय. काही व्यापारी टेम्सवरून जहाजानं निघालेले, वारा पडला म्हणून केंटच्या किनाऱ्यावर उतरले. त्यातल्या एकानं एका घरी जाऊन 'एग' मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. हा भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. मग दुसरा म्हणाला, त्याला 'एयरन' हवीत. तेव्हा बाई म्हणाली, हां, आता कळलं. एग व्हायकिंगांचं, एयरन जुन्या इंग्रजीचं. अंड्याचं नाव कळायला दुभाषा लागला, तोही एका भाषेच्या आत! कॅक्स्टन वैतागून विचारतो, आता माणसानं काय लिहावं, एग की एयरन?

यात घोळ असा झाला की छापखान्यानं स्पेलिंगं गोठवायला घेतली तेव्हा उच्चार अजून पळत होते. साधारण १४०० ते १७०० मध्ये इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागचे हलले. 'नेम'चा उच्चार आधी 'नाम'च्या जवळचा होता. (आपल्या 'नाम'चा तो सख्खा नातलग आहेच, तेव्हा चेहराही जुळत होता.) 'टाइम'चा 'टीम'सारखा, 'हाउस'चा 'हूस'. उत्तरेच्या टोकाला हा शेवटचा बदल पोचलाच नाही. स्कॉटलंडात आजही 'हूस' आणि 'कू' (काउ) ऐकू येतात, आणि न्यूकॅसलचे लोक आपल्या शहराला 'टून' (टाउन) म्हणतात. अक्षरं जुन्या उच्चाराची, तोंड नव्या उच्चाराचं. आपल्या पाचवीतल्या रडारडीचं मूळ हे.

माझं म्हणणं इतकंच की आपण ज्याला गावंढळ इंग्रजी समजतो ते बऱ्याचदा जुनं आणि जास्त शुद्ध इंग्रजी असतं. तुमच्याकडचे नमुने टाका. चुभूद्याघ्या.

प्रतिसाद

खारे_दाणे

दंडवत! सहावीत मी 'बुट' वाचलं म्हणून सरांनी अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. आज कळलं, मी ढ नव्हतो, लीड्सचा होतो.

सुगरणीचं_घरटं

वाचतेय. गेट आणि बार वाचून खपले. नवरा सापडला का शेवटी?

गोदाकाठची

सापडला. बारमध्येच. म्हणाला, तू सांगितलंस तिथेच थांबलो.

पाटीपेन्सिल

धागा आवडला, म्हणूनच दोन काड्या टाकतो.

पहिली. 'गेट एम'मधला एम हा देमचा तुकडा नाही. उलटं आहे. व्हायकिंगांच्या आधीचं इंग्रजी सर्वनाम 'हेम' होतं, त्यातला ह गळून एम उरला. म्हणजे पाहुण्यानं घर बळकावलं, तरी घरचा म्हातारा माजघरात कुठेतरी बसून आहे. तुमच्या मुद्द्याला हे जास्तच पोषक आहे, म्हणून राग मानू नका.

दुसरी काडी मोठी. "जुनं म्हणून जास्त शुद्ध" हे शेवटचं वाक्य मला पटलं नाही. तुम्ही लंडनचा पाट काढून घेतलात आणि त्यावर यॉर्कशायरला बसवलंत. पाट तसाच राहिला. कार, पार्क, मदर यांतला शेवटचा र घ्या. दक्षिण-पूर्व इंग्लंडात तो अठराव्या शतकात गळत गेला. यॉर्कशायरच्या बहुतेक भागातही आज तो नाही. पण नैऋत्येच्या डेव्हन-सॉमरसेटच्या शेतकऱ्यांकडे आहे, लँकशायरमध्ये ब्लॅकबर्न-ॲक्रिंग्टनकडे आहे, स्कॉटलंड-आयर्लंडात ठणठणीत आहे, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आहे. म्हणजे उ राखला तुमच्या आजोबांनी आणि र राखला सॉमरसेटच्या गवळ्यानं. जुनं कोण?

अमेरिकेबद्दलही हेच. "अमेरिकन लोक शेक्सपिअरच्या काळचं इंग्रजी बोलतात" असं ठोकून देतात. गॉटऐवजी गॉटन, शरद ऋतूला फॉल, आणि तो र, इतपत खरं आहे. हे तिन्ही इंग्लंडातून गेले आणि तिथे टिकले. पण वॉटरचं 'वॉडर' शेक्सपिअरच्या काळचं नाही. प्रत्येक बोलीनं काही ठेवलं, काही टाकलं. म्युझियम कुणीच नाही.

गोदाकाठची

एमची चूक मान्य, आणि फार गोड चूक निघाली. वर दुरुस्त करत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद लोंबकळत राहील. 'शुद्ध' शब्दही मागे घेते. 'जुनं' मात्र मागे घेणार नाही. स्टार्व्ड आहेच जुना.

बाकी वॉर्डातली तरुण पोरं 'लेक' म्हणत नाहीत, 'प्ले'च म्हणतात. बुस मात्र सगळे म्हणतात. शब्द आधी मरतात, स्वर लवकर मरत नाहीत, असं दिसतंय.

रानातली_वाट

हे खेड्यातले शब्द कुणी गोळा केलेत का? आपल्याकडे अहिराणी, वऱ्हाडीचे छोटे छोटे कोश आहेत तसे?

गोदाकाठची

केलेत, आणि काय केलेत! लीड्स विद्यापीठात हॅरल्ड ऑर्टन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि स्वित्झर्लंडच्या ऑयगेन डीट यांनी प्रश्नावली बनवली, १३०० हून जास्त प्रश्नांची. १९५० ते १९६१ या काळात त्यांची माणसं ३१३ ठिकाणी फिरली, बहुतेक खेडीच. प्रश्न विचारायची रीत अशी की उत्तराचा शब्द आपल्या तोंडून जाऊ द्यायचा नाही. "गाई ठेवता त्या जागेला काय म्हणता?" आणि गप्प बसायचं. म्हातारा बोलेल तो शब्द ध्वनिलिपीत उतरवायचा.

माणसं निवडताना अट होती: साठीच्या पुढचे, गावातच जन्म काढलेले, आणि दात व कान शाबूत असलेले. बरोबरच आहे, कवळी लावल्यावर स आणि थ यांचं काय होतं ते मी रोज ऐकते. बहुतेक पुरुषच निवडले, कारण म्हणे बायका पाहुण्यासमोर नीटनेटकं बोलायला जातात. यावर माझं मत आहे, पण ते लिहिलं तर धाग्याचं काश्मीर होईल.

नाइटशिफ्ट_हडपसर

वाचायला मजा येते सगळं, पण पोट भरायच्या इंग्रजीचं काय? मी आठ वर्षं कॉल सेंटरला काढली. सुरुवातीला सहा आठवडे ॲक्सेंटचं ट्रेनिंग. ट्रेनर सांगायची, तुमचा ट-ड जाड आहे, जीभ मागे वळवू नका, 'व्हेरी वेल'मधले दोन व वेगळे काढा. अमेरिकन प्रोसेसला (म्हणजे अमेरिकन गिऱ्हाइकांच्या कामाला) र गुंडाळायचा. नंतर ब्रिटिश प्रोसेस मिळाली तर तीच ट्रेनर म्हणाली, आता र गिळा. एकाच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर र असेल तर पगारवाढ, चौथ्या मजल्यावर नसेल तर पगारवाढ. म्हणून शुद्ध-बिद्ध ऐकलं की हसू येतं.

पाटीपेन्सिल

तुमच्या मजल्यांवरून एक प्रसिद्ध प्रयोग आठवला, त्यातही चौथा मजलाच आहे. १९६२ साली विल्यम लबॉव हा भाषाशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत हिंडला. सॅक्स, सगळ्यात महागडं. मेसीज, मधलं. एस. क्लाइन, स्वस्तातलं. विक्रेत्याला विचारायचं, अमुक वस्तू कुठे मिळेल? वस्तू अशी निवडलेली की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' हेच येणार. दोन शब्द, दोन र. मग ऐकू न आल्याचं सोंग करून पुन्हा वदवून घ्यायचं. बाजूला जाऊन वहीत टिपायचं. अशी २६४ माणसं त्यानं नोंदवली. महागड्या दुकानात र सर्वाधिक, स्वस्त दुकानात सर्वात कमी. दुसऱ्यांदा, जरा सावधपणे बोलताना, र वाढला.

त्या न्यूयॉर्कात र नसणं म्हणजे गल्लीतलं बोलणं. त्याच वर्षी लंडनमध्ये र असणं म्हणजे खेडवळ बोलणं. र तोच. तो बोलणाऱ्याच्या अंगावरचा कोट बदलला.

खारे_दाणे

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). आणि आपण मराठी लोक? आपण तर कार, पार्क, डॉक्टर सगळीकडे र ठणकावून म्हणतो, पण क्लास, पास, ग्लास यांत आ लांब ओढतो. अमेरिकन 'क्लॅस' म्हणतो.

गोदाकाठची

हा फार चांगला मुद्दा. क्लास-बाथमधला लांब आ लंडनच्या बाजूला रुळला तो अठराव्या शतकाच्या शेवटाकडे. यॉर्कशायरात आजही आखूडच आहे, 'बाथ' म्हटलं की इथले लोक लंडनवाला म्हणून चिडवतात. म्हणजे आपल्या शाळांत आला तो दक्षिणेचा आ आणि र स्पेलिंगमधून वाचलेला. अशी जोडी इंग्लंडात शोधायला गेलात तर फार वणवण होईल.

पाटीपेन्सिल

र फक्त स्पेलिंगचा नसावा, आपल्या भाषेतच प्रत्येक र वाजतो. 'घर'मधला गिळून बघा. शिवाय मुंबईत सुरुवातीला शिकवायला आलेल्यांत स्कॉटिश पुष्कळ होते. विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी, त्यांची शाळा १८३२ ची. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टनही स्कॉटिशच. पण मास्तर नसते तरी आपण र सोडला नसता.

मराठीनं इंग्रजीसाठी एक काम मात्र केलंय. बॅट आणि डॉक्टर लिहायला ॲ आणि ऑ ही सोय करून घेतली. हिंदीत 'बैट' वाचताना माझा अजून गोंधळ होतो.

लिफीकाठी

डब्लिनहून. इथेही 'बुस' ऐकू येतं हो, आम्हालाही मोजा.

आयरिश लोकांचं इंग्रजी म्हणजे शब्द इंग्रजी आणि सांगाडा आयरिश. नवीन आले तेव्हा घरमालकीण म्हणाली, "आयम आफ्टर हॅविंग माय डिनर." मला वाटलं, बाई जेवणाच्या मागे लागल्यात, म्हणून घाईघाईनं म्हटलं, या ना आमच्याकडे. त्या जेवून बसल्या होत्या! 'आत्ताच जेवले' हे आयरिशमध्ये 'जेवणानंतर आहे' अशा रचनेनं सांगतात, तेच इंग्रजीत उतरलं. आपलं 'जेवून बसलेय' इंग्रजीत कुणी शब्दशः म्हटलं तर हसतील, यांनी दीडशे-दोनशे वर्षं म्हणून म्हणून ते रूढ केलं. अनेकवचनी 'तुम्ही'साठी 'यी' आणि 'यूझ' आहेत ते वेगळंच. वर्गात बाई पोरांना "आर यी रेडी" विचारतात.

निवृत्त_इंग्रजीबाई

मी छत्तीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. मुलीनं हा धागा दाखवला म्हणून खातं काढलं, टायपिंग सांभाळून घ्या.

दरवर्षी वर्गात एक तरी मूल म्हणायचं, इंग्रजीत किती बरं, तू-तुम्ही भानगडच नाही. मी म्हणायचे, भानगड होती, आणि मेला तो 'तू'. उरला तो 'तुम्ही'. 'दाउ' म्हणजे तू, 'यू' म्हणजे तुम्ही. आज इंग्रज आपल्या कुत्र्यालाही अहो-जाहो करतो, एवढाच त्याचा अर्थ.

एकेकाळी त्यावरून कोर्टात भांडण जुंपलं होतं. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात कडाडला, "आय दाउ दी, दाउ ट्रेटर!" म्हणजे मी तुला अरे-तुरे करतो, गद्दारा. दाउचं क्रियापदच केलंय त्यानं. आपल्या 'अरे-तुरे करणे'ला इतका चपखल जोड मला दुसरा सापडला नाही. त्याच शतकात क्वेकर पंथाचे लोक उलट बाजूनं अडून बसले: देवापुढे सगळे सारखे, मग आम्ही न्यायाधीशालाही दाउच म्हणणार. मार खाल्ला, तुरुंगात गेले.

गोदाकाठची, तुमच्याकडे म्हणे तो 'तू' अजून जिवंत आहे?

गोदाकाठची

बाई, आहे! धुगधुगी आहे, पण आहे. आमचे आजोबा (स्टार्व्डवाले) मला म्हणतात, "सिट दिसेन डाउन." दिसेन म्हणजे दाइसेल्फ, तुझं तू. 'दाउ'चा इथे 'दा' होतो. पहिल्यांदा कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा घशात काहीतरी अडकलं. सहा वर्षांत या देशात मला कुणीच 'तू' म्हटलं नव्हतं.

पण सगळ्यांना चालत नाही ते. इथे एक म्हण आहे, "डोन्ट दी दा मी, दी दा दिसेन अँड सी हाउ दा लाइक्स इट." मला अरे-तुरे करू नकोस, स्वतःला करून बघ कसं वाटतं ते. आमच्या आत्याबाई मालेगावात हेच म्हणायच्या, आवाजसुद्धा तोच.

निवृत्त_इंग्रजीबाई

वाचून फार बरं वाटलं. छत्तीस वर्षं 'दाउ' फक्त कवितेतच राहिला म्हणून शिकवत होते. पाठ्यपुस्तकात तसंच होतं. आणि हो, 'बुट' वाचणाऱ्या पोरांना मीही ओरडलेय. खारे_दाणे, ते सर मी नव्हते, पण असू शकले असते.

सुगरणीचं_घरटं

अवांतर: बीबीसीवर सगळे एकसारखे बोलायचे ते कुणी ठरवलं?

पाटीपेन्सिल

त्यांनीच. १९२२ ला सुरुवात, १९२६ ला उच्चार ठरवणारी समितीच नेमली. उंची निवासी शाळांतून तयार होणारा तो उच्चार. डॅनिएल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञानं १९१७ च्या उच्चारकोशात त्याच शाळांचं नाव त्याला दिलं होतं. देशात तसं बोलणारे मूठभरच, ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाचा अंदाज ३ टक्क्यांच्या आसपास होता. युद्धाच्या काळात विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला देशभरच्या बातम्या वाचायला बसवलं. त्यानं शेवटी "गुड नीट" म्हणून निरोप घेतला आणि तक्रारींचा पाऊस पडला. बातम्या खऱ्या वाटत नाहीत म्हणे!

कॅम्पातला_बाळू

गोदाकाठची, नाशिकच्या असून एक शब्द कसा विसरलात? डूलाली! मी देवळाली कॅम्पचा, म्हणून आमचा हक्क सांगायला आलो.

आमच्याकडे गोऱ्या सोल्जरांचा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले शिपाई घरी परतण्याआधी इथे येऊन थांबायचे. जहाजं सुटायची ती थंडीच्या मोसमात. एखाद्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाला संपली, की बसा महिनोन्महिने देवळालीत, ना कवायत ना काम. ऊन, माश्या, दारू. डोकी फिरायची. त्यावरून सोल्जर म्हणायला लागले, याला 'डूलाली टॅप' झालाय. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला, देवळाली राहिली. आज इंग्लंडात कुणाचं डोकं फिरलं की 'ही हॅज गॉन डूलाली' म्हणतात. हे सोल्जर परत जाताना पक्का, डेक्को (देखो), ब्लायटी (विलायती) असं बरंच घेऊन गेले. आमच्या वडिलांना अभिमान होता की गावाचं नाव इंग्रजी कोशात आहे. अर्थ सांगायचे नाहीत.

पाटीपेन्सिल

वा! मराठीतून इंग्रजीत गेलेलं मुंगूसही आहे, मंगूस. त्याचं अनेकवचन गूस-गीससारखं 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस' होतं. हा गूस नसून मराठी आहे, एवढं त्यांना कळलं म्हणायचं.

खारे_दाणे

गोदाकाठची, त्या आजोबांना देवळालीचं सांगाच. आणि इथे कळवा.

गोदाकाठची

सांगितलं आज. आधी खात्री करायला विचारलं, तुम्ही डूलाली म्हणता का? म्हणाले, म्हणतो की, पलीकडच्या खाटेवरचा तोच आहे. मग मी फोनवर नकाशा काढून दाखवला, हे नाशिक, हे माझं घर, हे इथे देवळाली, शब्द इथून आलाय. आजोबांनी चष्मा लावून नकाशा नीट बघितला. मग फोन परत दिला आणि म्हणाले, "नाय, लुव्ह. दॅट्स अ यॉर्कशायर वर्ड. मी मदर सेड इट."

मी वाद घातला नाही. पांघरूण सारखं केलं.